सह्याद्रीचे कडे, घळी आणि कोकणचा कातळ : फोटो कसे काढावेत

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर जाऊन आलेल्या कोणाचेही फोटो पाहा. प्रत्यक्ष उभं राहिल्यावर पोटात गोळा आणणारा तो अर्धगोल कडा बहुतेक फोटोंत करड्या भिंतीसारखा सपाट दिसतो. कॅमेरा महागडा असला तरी हेच होतं, कारण अडचण आपल्या दगडाच्या रंगात आहे. अमेरिकेतल्या ॲरिझोना-युटाकडच्या घळींना तांबड्या वालुकाश्माचे रंग आयते मिळालेत. आपला बेसॉल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला दगड, काळा, करडा, फार तर तपकिरी. त्याच्याकडे रंग कमी आणि आकार भरपूर, आणि आकार दिसतो तो सावलीमुळे. म्हणून सह्याद्रीत फोटो काढायला कुठे जायचं यापेक्षा कधी जायचं हे आधी ठरवा.

आधी दगड वाचा

हा सगळा प्रदेश सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी एकामागून एक आलेल्या लाव्हाच्या थरांनी बनला. काही थर टणक, काही ठिसूळ. ठिसूळ थर लवकर झिजतो आणि तिथे अरुंद पट्टी तयार होते, टणक थर सरळ तुटून कडा होतो. कुठल्याही कड्याकडे दुर्बिणीतून किंवा लांब लेन्समधून पाहा, आडव्या पट्ट्या मोजता येतील. पावसाळ्यानंतर याच पट्ट्यांवर गवत उगवतं आणि काळ्या कड्यावर हिरव्या रेघा ओढल्यासारख्या दिसतात. डिसेंबरात त्या सोनेरी होतात.

फोटोच्या दृष्टीने हे फार कामाचं आहे. अमुक कडा अमुकच का वाटतो, याचं उत्तर या आडव्या रेघांत आणि त्यांना छेदणाऱ्या उभ्या भेगांत असतं. फ्रेम ठरवताना त्या रेघा कुठून कुठे जातात ते आधी बघा. त्या अर्धवट कापल्या तर कड्याचा डौल जातो.

प्रकाशाची दिशा ठरवा

सूर्य तुमच्या पाठीशी असेल तर कड्यावर सगळीकडे सारखं ऊन पडतं आणि खोली नाहीशी होते. सूर्य डावीकडे किंवा उजवीकडे, क्षितिजाजवळ हवा. तेव्हा प्रत्येक कंगोऱ्याची सावली शेजारच्या खाचेत पडते आणि थर उठून दिसतात.

कोकणकड्याचं तोंड पश्चिमेला आहे. सकाळी तो पूर्ण सावलीत असतो, दुपारी चारनंतर जिवंत होतो. पण वर्षभर सूर्य एकाच जागी मावळत नाही. आपल्या अक्षांशावर २१ डिसेंबरच्या सुमाराला तो नेमक्या पश्चिमेपासून साधारण २५ अंश दक्षिणेला मावळतो, २१ जूनच्या सुमाराला तितकाच उत्तरेला. कडा अर्धगोल असल्यामुळे हिवाळ्यात त्याची उत्तरेकडची बाजू उजळते आणि दक्षिणेकडची सावलीत जाते. एका फ्रेममध्ये हा उजेड-अंधार पकडला की कड्याचा बाक लगेच कळतो. माझ्या मते कोकणकड्यासाठी नोव्हेंबर-डिसेंबरची संध्याकाळ सगळ्यात चांगली : हवा स्वच्छ, गवत पिवळं, ऊन तिरकं. फेब्रुवारीनंतर कोकणातून धुरकट हवा वर येते आणि लांबचे डोंगर पुसले जातात.

फोटोपिल्स किंवा सन सर्व्हेयरसारख्या ॲपमध्ये जागा आणि तारीख टाकली की सूर्याची दिशा नकाशावर रेघेने दिसते. घरून निघण्याआधी हे दहा मिनिटं बघा.

सप्टेंबर-ऑक्टोबरात मात्र सकाळीही कड्यावर थांबा. खाली दरीत धुकं भरलेलं असेल आणि पाठीमागून ऊन आलं, तर धुक्यावर आपलीच सावली आणि तिच्याभोवती गोल इंद्रधनुष्य दिसतं. यालाच आपल्याकडे इंद्रवज्र म्हणतात. ते मिनिटा-दोन मिनिटांत विरतं, तेव्हा कॅमेरा गळ्यात आणि चालू ठेवा, ट्रायपॉड उघडत बसू नका.

काळ्या दगडाचं एक्स्पोजर

कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर समोरची प्रत्येक गोष्ट मध्यम करडी धरून चालतो. फ्रेममध्ये नुसता काळा कातळ असला की तो एक्स्पोजर वाढवतो आणि कातळ राखाडी होतो. अशा वेळी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन -२/३ ते -१ स्टॉप करा (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). उलट अर्ध्या फ्रेममध्ये उजळ आकाश असेल तर मीटर आकाशाला भुलतो आणि कडा नुसती काळी आकृती होते. तिथे तीन फोटो घ्या : एक मीटरप्रमाणे, एक दोन स्टॉप कमी, एक दोन स्टॉप जास्त. नंतर ते एकत्र करता येतात. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख, उजव्या भिंतीला आपटत नाही ना, हे दर वेळी बघा. स्क्रीनवरच्या फोटोवर विश्वास ठेवू नका, उन्हात तो फसवतो.

बाकी सेटिंग साधी आहेत. आयएसओ १००, अ‍ॅपर्चर एफ/८ ते एफ/११, ट्रायपॉड, दोन सेकंदांचा टायमर. एफ/१६ च्या पुढे गेलात तर डिफ्रॅक्शनमुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, दगडाचा पोत मऊ होतो. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर १६ मिलिमीटर लेन्स आणि एफ/११ असेल, तर एक मीटरवर फोकस केल्यास साधारण अर्ध्या मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं. म्हणजे पायाशी सोनकीचं फूल आणि मागे कडा, दोन्ही एका फोटोत बसतात.

कड्यावर खालून वर वारा येतो, तो ट्रायपॉड हलवतो. पाय पूर्ण उघडून तो बुटका ठेवा, मधला दांडा वर काढू नका आणि कॅमेऱ्याचा पट्टा गुंडाळून घ्या. कड्याची किनार पुढे झुकलेली आहे, पायाखाली काय आहे ते वरून दिसत नाही. जाणकार मंडळी दरीत डोकावायचं झालं तर पोटावर झोपूनच डोकावतात. फोटोसाठी याहून वेगळा नियम नाही. माणसाच्या आकारावरून कड्याची भव्यता दाखवायची असेल तर सोबत्याला किनारीपासून चांगलं मागे उभं करा आणि तुम्ही कड्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन ७०-२०० मिलिमीटर लेन्सने फोटो घ्या. लांब लेन्समुळे मागची भिंत जवळ ओढली जाते आणि माणूस आपोआप इवला दिसतो.

सांदण दरीत

साम्रद गावाजवळची सांदण दरी म्हणजे डोंगराला पडलेली खोल चीर. काही ठिकाणी दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील इतकी ती अरुंद होते. पावसाळ्यात इथे उतरायचं नाही. वर कुठे तरी पडलेलं पाणी पाहता पाहता दरीत येतं आणि बाजूला सरायला जागाच नसते. पाऊस थांबून पाणी ओसरल्यावर, गावातला वाटाड्या सोबत घेऊन जा. त्याला पाण्याच्या डोहांची खोली आणि माघारी फिरायची वेळ दोन्ही ठाऊक असतात.

इथे कड्याचा नियम उलटा होतो. भिंतीवर थेट ऊन पडलं की वरचा भाग पांढराफटक आणि खालचा काळाकुट्ट होतो, कोणताच कॅमेरा ते नीट सांभाळत नाही. ढगाळ हवा किंवा ऊन दरीत शिरण्याआधीची सकाळ निवडा. आकाशाची पट्टी शक्यतो फ्रेमबाहेर ठेवा. भिंतीला वळण आहे अशी जागा शोधली की आकाश आपोआप वळणामागे जातं आणि नजर आत ओढली जाते. फोन असो वा कॅमेरा, उभा धरा. ही दरी आडव्या फ्रेममध्ये मावत नाही.

अंधार असल्यामुळे एक्स्पोजर एक ते आठ सेकंदांपर्यंत जातं. ट्रायपॉड नसेल तर कॅमेरा दगडावर पिशवीचा आधार देऊन ठेवा. व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) ऑटोवर असेल तर तो भिंतींचा निळसरपणा घालवून सगळं बेचव करतो. तो डेलाइटवर ठेवा. एक निळी भिंत आणि तिच्या टोकाला उन्हाची पिवळसर चाहूल, हीच इथली रंगसंगती.

निघोजचे रांजणखळगे

पारनेर तालुक्यातल्या निघोजला कुकडीच्या पात्रात पाण्याने दगडात रांजण कोरलेत. वेगाने फिरणाऱ्या पाण्यात गोटे अडकले, गरागरा फिरत राहिले आणि त्यांनीच खळगे खोल केले. उथळ खळग्यात वाकून पाहिलंत तर तळाशी ते गोटे अजून पडलेले दिसतात, एकदम गुळगुळीत, कोपरा म्हणून नाही. खळग्याची आतली भिंतही हाताला तशीच लागते. पुलावरून काढलेल्या रुंद फोटोंत ही गोष्ट कधीच येत नाही, म्हणून एक तरी फोटो नुसत्या एका खळग्याचा आणि त्यातल्या गोट्यांचा घ्या.

त्यासाठी पोलरायझर फिल्टर लागतो. तो फिरवला की पाण्यावरची चकाकी जाते आणि तळ दिसतो. त्याने एक-दोन स्टॉप प्रकाश कमी होतो, तेवढा शटरमध्ये भरून काढा. मात्र संध्याकाळी आकाश रंगलेलं असताना हा फिल्टर काढून ठेवा. तेव्हा ओल्या दगडावरची चकाकी हाच फोटो असतो आणि तो पुसून टाकण्यात अर्थ नाही.

पात्रात पाणी कमी असताना, म्हणजे हिवाळा-उन्हाळ्यात जा. हे मळगंगा देवीचं ठिकाण आहे, यात्रेच्या दिवसांत ट्रायपॉड घेऊन लोकांच्या वाटेत उभं राहू नका.

कोकणचा किनारा : पंचांग बघून जा

हरिहरेश्वरला देवळामागून प्रदक्षिणेची वाट पायऱ्यांनी खाली समुद्राला भिडते. तिथला कातळ लाटांनी खालून कापून सपाट केलाय आणि उभ्या भिंतीवर मिठाने जाळीदार नक्षी काढलीय. खारं पाणी दगडाच्या बारीक छिद्रांत शिरतं, सुकतं, मिठाचे खडे फुगतात आणि दगडाचे कण सुटतात. तिरक्या उन्हात ही जाळी इतकी खोल दिसते की फक्त तिचाच फोटो पुरेसा होतो.

पण तिथे कधी उतरता येईल हे भरती-ओहोटी ठरवते. कोकणातला जुना हिशोब आजही कामाला येतो : तिथीला पाऊणने गुणा, भरतीची अंदाजे वेळ मिळते. अष्टमीला आठ गुणिले पाऊण म्हणजे सहा वाजता भरती. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा गुणिले पाऊण म्हणजे साधारण सव्वाअकरा. तिथून सव्वासहा तासांनी ओहोटी, म्हणजे संध्याकाळी साडेपाचच्या पुढे-मागे. याचा फोटोसाठी अर्थ असा की पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाणाची ओहोटी, सगळ्यात जास्त उघडा पडलेला कातळ आणि मावळतीचं ऊन एकाच वेळी जुळून येतात. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असणाऱ्या दिवसांत, त्याच वेळी पाणी चढलेलं असतं. तेव्हा खाली न उतरता वरून लाटा फुटतानाचे फोटो घ्या. हा हिशोब अंदाजाचा आहे, अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो. नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यात बघा आणि देवळाजवळच्या स्थानिकांना विचारा.

पौर्णिमेच्या संध्याकाळी एक धोका असतो, तो नीट लक्षात घ्या. सूर्य मावळेपर्यंत ओहोटी संपून पाणी परत फिरलेलं असतं, म्हणजे तुम्ही अंधारात आणि चढत्या पाण्यात परतणार. उतरण्याआधी पंधरा-वीस मिनिटं वर थांबून लाटा बघा. चार-सहा साध्या लाटांनंतर एखादी बरीच आत येते. कातळ जिथपर्यंत ओला आहे तिथपर्यंत समुद्र येऊन गेलाय. कोरड्या कातळावरच उभे राहा, हिरव्या शेवाळावर पाय ठेवू नका, समुद्राकडे पाठ करू नका आणि परतीची वाट उजेडातच पाहून ठेवा. या वाटेवर लाटेने माणसं ओढून नेल्याच्या घटना घडल्या आहेत. पावसाळ्यात खाली जाऊच नका.

शटरचा वेग समुद्राचा स्वभाव ठरवतो. लाट फुटतानाचे थेंब गोठवायला १/५०० सेकंद किंवा त्याहून वेगवान. पाणी धुक्यासारखं हवं असेल तर १५ ते ३० सेकंद. मला सगळ्यात आवडतं ते १/४ ते १/२ सेकंद, कारण त्यात पाण्याचं पाणीपण राहतं. लाट आपटून मागे फिरू लागली की बटण दाबा. कातळाच्या खाचांतून परतणारा फेस पांढऱ्या रेघा काढत जातो आणि त्या रेघा नजरेला कातळाकडून समुद्राकडे नेतात. प्रकाश जास्त असेल तर सहा स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सवर बसवायची गडद काच, लावा. तो प्रकाश ६४ पटींनी कमी करतो, म्हणजे १/३० सेकंदाचं एक्स्पोजर साधारण २ सेकंदांचं होतं.

लेन्सवर खाऱ्या पाण्याचे थेंब सुकू देऊ नका. आधी किंचित ओल्या, मग कोरड्या मायक्रोफायबर कापडाने पुसा. मुक्कामी पोहोचल्यावर ट्रायपॉडचे पाय गोड्या पाण्याने धुवा.

फोनवर काढत असाल तर

स्क्रीनवर कड्याच्या उजळ भागावर बोट ठेवा, एक्स्पोजरची पट्टी थोडी खाली ओढा, रॉ किंवा प्रो मोड असेल तर तो वापरा. अल्ट्रावाइड लेन्स कडा लांब ढकलून त्याला ठेंगणा करते, म्हणून ती फक्त पायाशी काही ठळक असेल तेव्हाच लावा. एरवी मुख्य लेन्स बरी.

घरी आल्यावर

फोटो एडिट करायच्या ॲपमध्ये शॅडोजची पट्टी पूर्ण उजवीकडे ओढण्याचा मोह आवरा. सगळ्या सावल्या उजळल्या की ज्या आकारासाठी इतकी वाट पाहिली तोच जातो. काळा दगड काळाच ठेवा, फक्त उन्हाची बाजू ब्रशने थोडी उजळ करा. धुरकटपणा घालवणारी डीहेझची पट्टी १०-१५ च्या पुढे नेलंत तर लांबच्या डोंगररांगांमधलं अंतर नाहीसं होतं आणि त्या एकमेकींना चिकटलेल्या दिसतात. रंगाचा मोह सुटत नसेल तर तोच फोटो एकदा कृष्णधवल करून बघा. बेसॉल्टला तो फार शोभतो, विशेषतः सांदणच्या भिंती आणि हरिहरेश्वरची जाळी.

ड्रोन न्यायचा विचार असेल तर हरिश्चंद्रगड आणि साम्रदचा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. वनखात्याच्या परवानगीशिवाय तिथे ड्रोन उडवता येत नाही, तेव्हा अर्ज जायच्या आधीच करा.