इम्प्लांटवरचं फ्रेमवर्क: मटेरियल निवडताना या चुका टाळा

इम्प्लांटला (जबड्याच्या हाडात बसवलेल्या कृत्रिम मुळाला) नैसर्गिक दातासारखं लिगामेंट (दात आणि हाडामधला धक्का शोषणारा तंतूंचा थर) नसतं, त्यामुळे चावण्याचा जोर थेट हाडावर येतो. मग फ्रेमवर्क, म्हणजे वरच्या कृत्रिम दातांना आधार देणारा आतला सांगाडा, मऊ घेतलं की धक्का शोषला जाईल आणि हाड वाचेल, असं वाटणं साहजिक आहे. पण अनेक इम्प्लांट एकत्र जोडणाऱ्या ब्रिजमध्ये बहुतेकदा याच्या उलट घडतं.

टायटॅनियमचा लवचिकता गुणांक (ताठपणाचं माप, आकडा मोठा तितकं ताठ) साधारण 110 गिगापास्कल असतो, कोबाल्ट-क्रोमियम आणि झिर्कोनिया या सिरॅमिकचा 200 च्या पुढे. साधं पीक (PEEK हे प्लास्टिक) जेमतेम 4 च्या आसपास. ताठ फ्रेमवर्क फारसं वाकत नाही, म्हणून एका टोकाला पडलेला भार सगळ्या इम्प्लांटमध्ये वाटला जातो. पीक किंवा ॲक्रिलिक वाकतं, मग भाराजवळचा इम्प्लांट एकटाच तो झेलतो. त्याच्या मानेभोवतीच्या कॉर्टिकल (बाहेरच्या टणक) हाडावर ताण एकवटतो. मागे कँटिलिव्हर (शेवटच्या इम्प्लांटपलीकडे आधाराविना पुढे आलेला भाग) असेल तर शेवटच्या इम्प्लांटचे हाल विचारू नका. तात्पुरत्या ॲक्रिलिक ब्रिजमध्येही म्हणूनच आत धातूची पट्टी घालणं आणि कँटिलिव्हर टाळणं शहाणपणाचं.

मग सरसकट कोबाल्ट-क्रोमियमच घ्यायचं का? इथेच दुसरी चूक होते, आणि माझ्या मते ती जास्त महागात पडते. फ्रेमवर्क नीट बसत नसताना स्क्रू आवळून फट मिटवली जाते. फट दिसेनाशी होते, पण तो ताण फ्रेम, स्क्रू आणि हाडात अडकून राहतो, रुग्ण काहीही चावत नसतानासुद्धा. मटेरियल जितकं ताठ, तितका तेवढ्याच फटीसाठी हा ताण जास्त. ताठपणाचा फायदा हवा असेल तर फिटिंगमध्ये तडजोड चालणार नाही.

एकच स्क्रू पुन्हा पुन्हा सैल होत असेल, तर नवा स्क्रू टाकून मोकळे होऊ नका. फक्त एका टोकाचा स्क्रू आवळा आणि दुसऱ्या टोकाला फ्रेम उचलली जाते का ते पाहा. हिरडीखालची कड दिसत नसेल तर एक्स-रे घ्या. फट सापडली तर धातूची फ्रेम कापून, तोंडातच नव्या स्थितीत पक्की करून, पुन्हा जोडता येते. झिर्कोनियाच्या बाबतीत ती सोय जवळजवळ नाहीच. नवीन माप घेऊन फ्रेम पुन्हा बनवावी लागते. फिटिंग निर्दोष निघालं तर कँटिलिव्हरची लांबी आणि दातांचा चाव तपासा.

मटेरियलच्या चर्चेत फ्रेमची उंची हमखास विसरली जाते. रुंदी तीच ठेवून उंची दुप्पट केली तर वाकण्याला होणारा विरोध आठपट होतो. जागा कमी म्हणून पातळ केलेली कोबाल्ट-क्रोमियमची फ्रेम पुरेशा उंचीच्या टायटॅनियमपेक्षा जास्त वाकू शकते. झिर्कोनिया तर वाकत नाही, कनेक्टर (दोन दातांमधला जोड) बारीक असेल तर सरळ तुटतं. त्यामुळे मटेरियल ठरवण्याआधी समोरच्या दातापर्यंत किती मिलिमीटर जागा आहे ते मोजून घ्या.

संगणकावरच्या फायनाइट एलिमेंट अभ्यासांचे (रचनेचे छोटे भाग पाडून ताणाचा हिशोब करणाऱ्या) आकडेही जपून वाचावेत. त्यात बऱ्याचदा हाड एकजिनसी आणि इम्प्लांटला शंभर टक्के चिकटलेलं धरतात, फ्रेमही अचूक बसलेली. मटेरियलची आपसात तुलना करायला ते उपयोगी आहेत, पण त्यातला ताणाचा आकडा जसाच्या तसा तुमच्या रुग्णाच्या हाडाला लावू नका.