साखरेच्या बॉडी स्क्रबसाठी तेल कोणतं, प्रिझर्व्हेटिव्ह कोणतं?

घरी केलेल्या स्क्रबची बरणी दोन प्रकारे बिघडते. एक तर तेल खवट होतं, नाहीतर आत पाणी जाऊन बुरशी आणि जिवाणू वाढतात. ‘व्हिटॅमिन ई घातलंय, आता टिकेल’ असं सर्रास म्हणतात, पण ते निम्मंच खरं आहे. व्हिटॅमिन ई तेलाचं खवटणं लांबवतं, बुरशीला मात्र अडवत नाही. बुरशीसाठी प्रिझर्व्हेटिव्ह वेगळं लागतं, आणि त्या प्रिझर्व्हेटिव्हने तेल खवटायचं थांबत नाही.

आधी तेल ठरवू. खोबरेल तेलात सुमारे ९० टक्के संपृक्त मेदाम्लं असतात, म्हणून ते सहसा लवकर खवटत नाही. अडचण थंडीची. साधारण २४ अंशांखाली ते गोठतं, मग डिसेंबरात स्क्रब चमच्याने खणावा लागतो. तेलाच्या एकूण वजनात खोबरेल तिसऱ्या हिश्शापेक्षा कमी ठेवलं की हा त्रास बराच कमी होतो. उरलेल्या भागासाठी आमची पहिली पसंती तिळाच्या तेलाला. तिळात अँटिऑक्सिडंट, म्हणजे तेलाचं खवटणं लांबवणारे घटक, मुळातच असतात. मात्र ते न भाजलेल्या तिळाचं घ्यावं, भाजलेल्याचा वास आंघोळीनंतरही अंगाला राहतो. बदाम तेल चांगलं, पण महाग, आणि स्क्रबमधलं बरंचसं तेल धुऊनच जातं. करडई आणि सूर्यफूल हलकी, चिकटपणा न ठेवणारी तेलं आहेत. त्यांच्या नेहमीच्या वाणांत लिनोलिक आम्ल भरपूर असल्याने ती लवकर खवटतात, त्यामुळे महिनाभरात संपेल एवढ्याच स्क्रबसाठी वापरावीत. जवसाचं तेल नकोच. मोहरीचं तेल नाजूक त्वचेवर आग करतं, तेही टाळावं. एरंडेल दाट आणि चिकट असतं, एकूण तेलाच्या १० टक्क्यांवर नेऊ नये.

तेल कोणतंही असो, वापरण्याआधी थोडं तळहातावर चोळून वास घ्या. शिळ्या चिवड्यासारखा वास आला तर ते घेऊ नका. एकदा खवटलेलं तेल व्हिटॅमिन ईने परत ताजं होत नाही.

व्हिटॅमिन ई घेताना एक चूक फार होते. औषधाच्या दुकानातल्या कॅप्सूलमध्ये बहुधा टोकोफेरिल ॲसिटेट असतं. ते बरणीतल्या तेलाला वाचवत नाही, कारण ज्या भागाने अँटिऑक्सिडंटचं काम व्हायचं तोच त्यात ॲसिटेटने बंद झालेला असतो. लेबलवर ‘मिक्स्ड टोकोफेरॉल’ असं लिहिलेलं घ्यावं. तेलाच्या वजनाच्या अर्धा टक्का पुरे.

आता प्रिझर्व्हेटिव्ह. नुसती साखर आणि तेल असेल, पाण्याचा थेंबही नसेल, तर त्यात काही वाढत नाही. पण स्क्रब वापरतात बाथरूममध्ये, ओल्या हातांनी. मुरांब्याच्या बरणीत ओला चमचा घातल्यावर जे होतं तेच इथे होतं: जिथे पाणी साचतं तिथली साखर पातळ होते आणि बुरशीला जागा मिळते. म्हणून बरणी बाथरूममध्ये राहणार असेल तर प्रिझर्व्हेटिव्ह घालाच. फिनॉक्सीइथेनॉल आणि इथाइलहेक्सिलग्लिसरीन यांचं तयार द्रव मिश्रण सोयीचं पडतं. एकूण वजनाच्या १ टक्क्यापेक्षा जास्त घालू नये. युरोपीय नियमांतही फिनॉक्सीइथेनॉलची कमाल मर्यादा १ टक्काच आहे. सोडियम बेंझोएट आणि पोटॅशियम सॉर्बेट स्वस्त मिळतात, पण ती पाण्यात विरघळणारी, आम्लधर्मी मिश्रणात काम करणारी रसायनं. तेलात ती नुसती कणांसारखी पडून राहतात. टी ट्री तेल, कडुनिंब, हळद, मध यांच्या भरवशावर बरणी ठेवू नका. मधात तर स्वतःचंच पाणी असतं.

सुमारे ३०० ग्रॅम स्क्रबसाठी साखर १९५ ग्रॅम, तिळाचं तेल ६० ग्रॅम, खोबरेल २५ ग्रॅम, पॉलिसॉर्बेट ८० (तेल पाण्यात मिसळवणारा द्रव) १५ ग्रॅम, प्रिझर्व्हेटिव्हचं मिश्रण ३ ग्रॅम, टोकोफेरॉल ०.४ ग्रॅम आणि हवं तर सुगंधी तेल १.५ ग्रॅम. चमच्यांनी मोजू नका, ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा लागेलच. पॉलिसॉर्बेटमुळे तेल पाण्याबरोबर निघून जातं, नाहीतर फरशी निसरडी होते. ते वाढवू मात्र नका, जास्त झालं तर प्रिझर्व्हेटिव्हचा जोर कमी पडू शकतो.

१. बरणी, वाडगा, चमचा गरम पाण्याने धुऊन पूर्ण कोरडे करा. झाकणाच्या आट्यांत राहिलेली ओलही बिघाड करते.

२. साखर मिक्सरमध्ये दोन-तीन सेकंदच फिरवा. दाणा बारीक व्हावा, पिठीसाखर होऊ नये. मीठही चालतं, पण नुकतंच वॅक्सिंग केलेल्या त्वचेला ते झोंबतं.

३. खोबरेल गोठलेलं असेल तर गरम पाण्यात वाटी ठेवून पातळ करा. त्यात तिळाचं तेल, पॉलिसॉर्बेट आणि टोकोफेरॉल ढवळा.

४. तेल ४० अंशांखाली आलं की प्रिझर्व्हेटिव्ह आणि सुगंधी तेल घाला, दोन मिनिटं नीट ढवळा. दालचिनी आणि लवंगेचं तेल नको. लिंबाचं थंड पद्धतीने काढलेलं तेलही नको, त्यावर ऊन पडलं तर त्वचा भाजू शकते.

५. शेवटी साखर घाला. ओल्या वाळूसारखं दिसायला हवं. दुसऱ्या दिवशी वर तेल तरंगलं तर एकेक चमचा साखर वाढवा.

पहिल्यांदा वापरण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून २४ तास पाहा. चेहऱ्यावर आणि जखमेवर लावू नका.

प्रिझर्व्हेटिव्ह नकोच असेल तर बरणी खोलीत ठेवा, कोरड्या चमच्याने एका आंघोळीपुरता स्क्रब वाटीत काढा, उरलेला परत बरणीत टाकू नका आणि महिन्याभरात संपवा. दही, लिंबाचा रस, काकडी घातलेला स्क्रब त्याच दिवशीचा. उटणं वर्षानुवर्षं घरोघरी टिकतं ते कोरडं असतं म्हणून. पाण्यात कालवलेलं उटणं कुणी ठेवून देत नाही.

बरणीवर तारीख लिहा. प्रिझर्व्हेटिव्ह असलेला स्क्रबही तीन महिन्यांपुरताच करावा. काळा-हिरवा ठिपका, आंबूस वास किंवा बुडबुडे दिसले तर वरचा थर काढून खालचा वापरू नका, बुरशी खालीही पोचलेली असू शकते. सगळा स्क्रब जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्यात टाका. मोरीत ओतला तर थंडीत खोबरेल नळीत गोठून बसेल.