इंग्रजी बोलताना सुरावट कशी साधावी

ब्रिटनमधील एका मोठ्या विमानतळावर, कर्मचाऱ्यांच्या उपाहारगृहात, काही भारतीय आणि पाकिस्तानी स्त्रिया नव्याने कामाला लागल्या होत्या. जेवण वाढताना त्या ‘ग्रेव्ही’ एवढा एकच शब्द उच्चारत, आणि तेच काम करणारी ब्रिटिश स्त्रीही तोच शब्द उच्चारत असे. तरीही नव्या स्त्रिया उर्मट आहेत, अशी तक्रार होऊ लागली. भाषाशास्त्रज्ञ जॉन गम्पर्झ यांनी १९८२ साली हे उदाहरण प्रसिद्ध केले. ब्रिटिश स्त्री शब्दाच्या शेवटी सूर चढवत असल्याने ‘ग्रेव्ही वाढू का?’ असा अर्थ निघे, तर या स्त्रिया सूर उतरवत असल्याने ऐकणाऱ्याला ती केवळ माहिती वाटे, आणि समोर दिसणाऱ्या पदार्थाची अशी माहिती देणे उद्धटपणाचे भासे. शब्द बरोबर होता, हेतूही चांगला होता. चुकला तो फक्त सूर.

मराठीतही सुरावट आहेच, परंतु अर्थाच्या अनेक छटा आपण ‘का’, ‘ना’, ‘च’, ‘तर’ अशा छोट्या शब्दांवर सोपवतो. इंग्रजीत त्यातले बरेचसे काम आवाजाला करावे लागते. त्यामुळे सराव करताना हे छोटे शब्द कुठे आले असते, हे पाहत जाणे मराठी माणसाला फार सोयीचे पडते.

पहिली पायरी ऐकण्याची आहे. दोन माणसांच्या साध्या संभाषणाचा वीस-तीस सेकंदांचा तुकडा निवडावा. बातम्या शक्यतो टाळाव्यात, कारण वृत्तनिवेदनाची ठेवण घरगुती बोलण्यापेक्षा वेगळी असते. तो तुकडा चार-पाच वेळा ऐकून शब्द न उच्चारता, ओठ मिटून, नुसता गुणगुणावा. शब्द गळून पडले की सूर कुठे चढला आणि कुठे उतरला, हे कानाला स्पष्ट कळू लागते.

त्यानंतर त्याच तुकड्याचे शब्द कागदावर लिहून, बोलणारा जिथे किंचित थांबतो तिथे तिरकी रेघ मारावी. ‘व्हेन आय रीच्ड होम / माय ब्रदर वॉज ॲट द डोअर’ या वाक्याचे असे दोन गट पडतात. प्रत्येक गटात सर्वांत ठळक असा एकच शब्द असतो, आणि तो शोधणे ही पुढची पायरी आहे.

माझ्या मते खरी मेहनत इथेच घ्यावी. ‘आय गेव्ह हर टू बुक्स’ हे वाक्य घ्या. काही विशेष सुचवायचे नसेल तर आघात, म्हणजे शब्द ठळक करणारा आवाजाचा जोर, शेवटच्या अर्थपूर्ण शब्दावर, म्हणजे ‘बुक्स’वर येतो. ‘आय’वर दिला तर ‘मीच तिला दोन पुस्तके दिली’, ‘हर’वर दिला तर ‘तिलाच दिली’, आणि ‘टू’वर दिला तर ‘दोन दिली, तीन नव्हेत’ असा अर्थ होतो. ‘गेव्ह’वर दिल्यास ‘दिली, विकली नाहीत’ असे सुचते. तिथे ‘च’ नेमका बसत नाही, तरी विरोध दाखवण्याचे तत्त्व तेच राहते. हा आघात द्यायची सवय नसल्याने आपण ‘आय केम ऑन संडे ओन्ली’ असे म्हणतो. ते ‘ओन्ली’ म्हणजे ‘रविवारीच’मधला ‘च’ आहे. भारतात ते सहज समजते, पण इतरत्र ऐकणारा ‘फक्त रविवारी’ असा अर्थ घेऊ शकतो. त्याऐवजी ‘ओन्ली’ गाळून ‘संडे’ ठळक म्हणावे. रोज पाच मराठी वाक्ये ‘च’सह लिहावीत आणि त्यांचे इंग्रजी करताना ‘च’ लागलेल्या शब्दावर आवाज उंचावून तो किंचित लांबवावा.

मग सुराची दिशा पाहावी. होय-नाही असे उत्तर मागणाऱ्या प्रश्नात सूर बहुधा चढतो. ‘व्हेअर डू यू लिव्ह’ यासारख्या प्रश्नात तो बहुधा उतरतो. ‘टी ऑर कॉफी’ विचारताना ‘टी’वर चढून ‘कॉफी’वर उतरला, तर दोहोंपैकी एक निवडायचे आहे, हे समजते. ‘सॉरी’ हा शब्द उतरत्या सुरात माफी मागतो आणि चढत्या सुरात ‘काय म्हणालात?’ असे विचारतो. ‘यू आर कमिंग, आरन्ट यू’ यातला शेवट चढला तर ‘येताय का?’ हा खरा प्रश्न असतो. उतरला तर ‘येताय ना!’ अशी खात्री असते. ‘का’ आणि ‘ना’ यांतला फरक ज्याला कळतो, त्याला हा फरक नव्याने शिकावा लागत नाही; तो फक्त घशात आणावा लागतो. हे कल सर्वसाधारण आहेत, आणि प्रदेशानुसार ते बदलतातही.

शेवटी स्वतःचा आवाज मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून मूळ तुकड्याशेजारी ठेवून ऐकावा. कानाची खात्री वाटत नसेल, तर ॲम्स्टरडॅम विद्यापीठातील पॉल बूर्समा आणि डेव्हिड वेनिंक यांनी तयार केलेले ‘प्राट’ हे मोफत सॉफ्टवेअर संगणकावर घ्यावे. त्यात आवाजाची उंची रेषेच्या रूपात दिसते. दोन्ही रेषा तंतोतंत जुळण्याची गरज नाही, कारण प्रत्येकाची पट्टी निराळी असते. ज्या शब्दावर मूळ रेषा वळते, त्याच शब्दावर आपली रेषा वळते का आणि त्याच दिशेने वळते का, एवढेच तपासावे. वळत नसेल तर संपूर्ण वाक्य न घोकता तो एक गट पुन्हा गुणगुणून, मग शब्दांसह म्हणावा.