मूल्यांकनाची पुस्तकं कशी वाचावीत: हातात पेन्सिल, समोर एक कंपनी

कंपनीचं, शेअरचं किंवा रोख्याचं मूल्य कसं काढायचं हे शिकवणारी पुस्तकं बहुतेकांच्या हातून अर्ध्यात सुटतात. त्यातलं गणित शाळेतल्या चक्रवाढ व्याजाच्या फार पुढे जात नाही, तरीही सुटतात. मी पहिलं जाड पुस्तक कादंबरीसारखं पहिल्या पानापासून वाचत गेलो. प्रत्येक उदाहरण पटत होतं. दोन महिन्यांनी एका साध्या कंपनीचा वार्षिक अहवाल उघडला आणि सुरुवात कुठून करायची हेच सुचेना. तेव्हापासून मी ही पुस्तकं गणिताच्या वहीसारखी सोडवत वाचतो. ती पद्धत इथे सांगतो.

पायरी १: आधी ठरवा, मूल्य कशाचं काढायचं आहे

बाजारात नोंदलेला शेअर, कुटुंबाच्या मालकीचा धंदा, रोखा आणि ऑप्शन (ठरलेल्या भावाने पुढे खरेदी-विक्री करण्याचा हक्क) या चार गोष्टींची पुस्तकं वेगळी असतात. रोख्यात पैसे कधी आणि किती येणार हे कागदावर लिहिलेलं असतं, प्रश्न फक्त व्याजदराचा आणि बुडण्याच्या जोखमीचा. शेअरमध्ये येणारा पैसाच अंदाजाचा. खासगी धंद्यात त्याहून पुढची अडचण: मालकाचा पगार, घरखर्च आणि धंद्याचा खर्च एकमेकांत मिसळलेले असतात आणि हिस्सा विकायला तयार बाजार नसतो. ऑप्शनचं शास्त्र १९७३ साली ब्लॅक आणि शोल्स यांच्या सूत्रापासून वेगळ्याच वाटेने गेलं. एकाच पुस्तकात हे सगळं असलं तरी पहिल्या वाचनात एकच विषय धरा.

पायरी २: हिशेबाचा पाया तपासा

एक छोटी परीक्षा घ्या. कंपनीचा घसारा (यंत्रं-इमारतींच्या झिजेपोटी दाखवलेला खर्च) १० ने वाढला, करही त्याच घसाऱ्यावर मोजला जातो आणि कराचा दर २५ टक्के आहे. नफ्याचं काय होईल? रोकडीचं काय? ताळेबंदात कुठे कुठे हात लागेल?

करपूर्व नफा १० ने घटतो, कर २.५ ने कमी होतो, म्हणजे निव्वळ नफा ७.५ ने घटतो. पण घसाऱ्यापोटी कुणाला पैसे द्यावे लागत नाहीत, कर मात्र खरोखर वाचतो. म्हणून रोकड २.५ ने वाढते. ताळेबंदात मालमत्ता १० ने उतरली, रोकड २.५ ने चढली, राखीव निधी ७.५ ने उतरला. दोन्ही बाजू जुळल्या. हे न अडखळता सांगता आलं तर पुढे जा. अडलं तर आधी हिशेबाचं एखादं प्राथमिक पुस्तक घ्या. त्यात गेलेले तीन आठवडे पुढे तीन महिने वाचवतात.

पायरी ३: एक कंपनी निवडा आणि शेवटपर्यंत तिलाच धरून राहा

एक-दोन उत्पादनं, बरीच वर्षं नफा आणि समजेल असा व्यवहार असलेली कंपनी घ्या. बँक किंवा विमा कंपनी सुरुवातीला नको. बँकेसाठी कर्ज हा कच्चा माल असतो, त्यामुळे इतर कंपन्यांसाठी शिकलेली मुक्त रोख प्रवाहाची (खर्च, कर आणि धंद्यातली गुंतवणूक भागवून उरणाऱ्या रोकडीची) रीत तिथे बसत नाही. तोट्यात चाललेली नवी कंपनीही नको. निवडलेल्या कंपनीचे पाच वर्षांचे वार्षिक अहवाल जवळ ठेवा आणि हिशेबाखालच्या टिपा नक्की वाचा. पुस्तकाचं प्रकरण संपलं की ते त्याच कंपनीवर लावून बघायचं, मगच पान उलटायचं.

पायरी ४: पहिलं पुस्तक पातळ घ्या

अस्वथ दामोदरन न्यूयॉर्क विद्यापीठाच्या स्टर्न स्कूलमध्ये हा विषय शिकवतात. त्यांचं ‘इन्व्हेस्टमेंट व्हॅल्युएशन’ हजाराच्या आसपास पानांचं आहे, पण २०११ साली आलेलं ‘द लिटल बुक ऑफ व्हॅल्युएशन’ त्याच विषयाची छोटी ओळख करून देतं. सुरुवात तिथून करावी असं माझं मत आहे. त्यांची व्याख्यानं, एक्सेल शीट आणि उद्योगवार आकडे इंटरनेटवर मोफत मिळतात. मात्र तयार शीट लगेच उतरवून घेऊ नका. आपली पहिली शीट कोऱ्या पानावरून स्वतः बांधा, नंतर त्यांच्याशी ताडून बघा.

मॅकिन्झी या सल्लागार कंपनीच्या मंडळींचं ‘व्हॅल्युएशन’ १९९० पासून नव्या नव्या आवृत्त्यांत येतंय. वाढ आणि भांडवलावरचा परतावा यांचं नातं ते फार चांगलं उलगडतं. भांडवलाच्या खर्चाहून, म्हणजे पैसे पुरवणाऱ्यांच्या अपेक्षेहून, कमी परतावा देणारा धंदा जितका वाढेल तितकं मूल्य घटवेल, हे तिथे आकड्यांनी पटतं. पण ते दुसरं पुस्तक म्हणून घ्या.

पायरी ५: उदाहरण झाकून सोडवा

उत्तराचा भाग कागदाने झाका, प्रश्नातले आकडे वहीत उतरवा आणि स्वतः सोडवा. आधी रोखा घ्या. दर्शनी किंमत १००, वर्षाला ७ व्याज, मुदत १० वर्षं, बाजारातला परतावा ८ टक्के. आजचं मूल्य सुमारे ९३.२९ येतं. मुदत एकच वर्ष उरली असेल तर ९९.०७. व्याजदर बदलला की लांब मुदतीचा रोखा जास्त का हलतो, हे या दोन आकड्यांतून कळतं.

आता कंपनी. पुढच्या वर्षी मुक्त रोख प्रवाह १००, पाचव्या वर्षापर्यंत दरसाल ८ टक्के वाढ, त्यानंतर कायम ४ टक्के, डिस्काउंट रेट (पुढच्या रोकडीचं आजचं मूल्य काढायचा दर) १२ टक्के. पहिल्या पाच वर्षांच्या रोकडीचं आजचं मूल्य सुमारे ४१६ भरतं. पाचव्या वर्षानंतरचं सगळं मिळून, म्हणजे टर्मिनल व्हॅल्यू, आजच्या हिशेबाने सुमारे १००४. एकूण १४२० च्या आसपास, आणि त्यातला सत्तर टक्क्यांहून जास्त भाग आपण नीट पाहिलेल्याच नाहीत अशा वर्षांतून आलेला! कायमची वाढ ४ ऐवजी ५ टक्के धरा, मूल्य १५७४ च्या घरात जातं. एका टक्क्याने जवळजवळ ११ टक्के फरक.

हे गणित मी हाताने केलं तेव्हा या विषयाकडे बघण्याची माझी नजरच बदलली. कुणी मूल्य सांगितलं की आता मी आधी विचारतो, कायमची वाढ किती धरली? ती संपूर्ण अर्थव्यवस्थेच्या वाढीपेक्षा जास्त असेल तर हिशेब तिथेच थांबवावा, कारण अशी कंपनी एक दिवस अर्थव्यवस्थेहून मोठी व्हायला हवी.

पायरी ६: डिस्काउंट रेटच्या प्रकरणात अडकून पडू नका

बीटा (बाजाराच्या तुलनेत शेअर किती हलतो त्याचं माप), जोखमीचा अधिभार (जोखमीपोटी मागितलेला जादा परतावा), सूत्रांची गर्दी. इथे वाचक थकतो. पहिल्या वाचनात दोनच गोष्टी पक्क्या करा. भागधारकांच्या वाट्याची रोकड असेल तर भागभांडवलाचा खर्च (भागधारकांना अपेक्षित परतावा) लावायचा. भागधारक आणि कर्ज देणारे अशा सगळ्यांच्या वाट्याची असेल तर दोन्ही भांडवलांचा भारित सरासरी खर्च लावायचा आणि शेवटी कर्ज वजा करून, शिल्लक रोकड मिळवून मगच शेअरच्या संख्येने भागायचं. दुसरी गोष्ट, रोख प्रवाहात महागाई धरली असेल तर दरातही ती असली पाहिजे. बाकी बारकावे नंतर.

पायरी ७: गुणोत्तरांच्या प्रकरणात जोड्या जुळवा

पी-ई, म्हणजे शेअरची किंमत भागिले प्रतिशेअर नफा, सगळ्यांना माहीत असतो. चुका दुसरीकडे होतात: शेअरच्या किमतीला व्याजपूर्व नफ्याने भागतात. व्याजपूर्व नफ्यावर कर्ज देणाऱ्यांचाही हक्क असतो, म्हणून वरती संपूर्ण कंपनीचं, शेअर आणि कर्ज मिळून, मूल्य हवं. अंश आणि छेद एकाच माणसांचे असले पाहिजेत, एवढं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

पायरी ८: जुनं पुस्तक वाचा, पण साल बघून

बेंजामिन ग्रॅहम आणि डेव्हिड डॉड यांचं ‘सिक्युरिटी अ‍ॅनालिसिस’ १९३४ साली आलं, १९२९ च्या कोसळलेल्या बाजाराच्या जखमा ताज्या असताना. म्हणूनच त्यात भविष्याच्या अंदाजापेक्षा हातातल्या मालमत्तेवर आणि चुकीला जागा ठेवण्यावर भर आहे. १९३८ साली जॉन बर विल्यम्स यांनी उलट बाजूने मांडणी केली: शेअरचं मूल्य म्हणजे पुढे मिळणाऱ्या सगळ्या लाभांशांचं आजचं मूल्य. दोन्ही बाजू कळल्या की आपण कुठे उभे आहोत ते समजतं.

जुन्या आवृत्तीतला तर्क टिकतो, हिशेबाचे नियम बदलतात. आंतरराष्ट्रीय मानकांनुसार २०१९ पासून भाडेकरार ताळेबंदात कर्जासारखे दिसू लागले. भाड्याच्या जागी आता घसारा आणि व्याज दिसतं, त्यामुळे भाड्याच्या दुकानांवर चालणाऱ्या कंपनीचा घसारा-व्याजपूर्व नफा एका रात्रीत वाढला आणि कर्जही वाढलं. धंदा होता तसाच. आधीच्या पुस्तकातली सरासरी गुणोत्तरं अशा कंपनीला लावली तर उत्तर चुकणार.

पायरी ९: गृहीतकांची वही ठेवा

काढलेल्या प्रत्येक मूल्यासोबत तारीख, वाढीचा दर, नफ्याचं प्रमाण, डिस्काउंट रेट आणि प्रत्येकामागचं एका वाक्यातलं कारण लिहा. शेअरचा बाजारभाव मूल्य काढून झाल्यावरच बघा. आधी बघितला तर आकडे नकळत तिकडे सरकतात. वर्षाने पुढचा अहवाल आला की तेच पान उघडा आणि चुकलेल्या गृहीतकाखाली लाल रेघ ओढा. माझ्या वहीत सर्वाधिक लाल रेघा खेळत्या भांडवलाच्या (माल आणि येण्या-देण्यांत अडकलेल्या पैशाच्या) ओळीत आहेत, म्हणून आता पुस्तक पुन्हा हातात घेतलं की मी थेट त्याच प्रकरणाकडे जातो.