चादरींच्या स्लाइड्सचा व्हिडिओ

सोलापुरी चादरी-टॉवेलच्या डिझाइन्सची पीपीटी बाहेरगावच्या गिऱ्हाइकाला पाठवली की त्याच्या मोबाइलवर मराठी अक्षरं बऱ्याचदा विसकटतात. त्यापेक्षा सरळ व्हिडिओ करा. पॉवरपॉइंटमध्ये फाइल, एक्सपोर्ट, मग क्रिएट अ व्हिडिओ. प्रत्येक स्लाइडला आपसूक ५ सेकंद मिळतात. जेकार्डच्या नक्षीला तेवढे पुरतात, दरपत्रकाला नाही! त्या स्लाइडला ट्रान्झिशन्स टॅबमधल्या ‘आफ्टर’ला टिक करून १५ सेकंद द्या आणि एक्सपोर्ट करताना ‘यूज रेकॉर्डेड टायमिंग्ज अँड नॅरेशन्स’ निवडा, नाहीतर सगळं मुसळ केरात. मोबाइलसाठी ७२०पी बास; फोर-केनं फाइल नुसती फुगते. सेव्ह एमपी-फोरमध्येच करा. व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे चादरीवरचा मोर धुरकट दिसणार नाही.