कथेसाठी आकाशातून मारा करणारं जहाज कसं बनवाचं

आपल्याकडचे पोट्टे आता सायन्स फिक्शन लिहू लागले, लय भारी गोष्ट हाय, पण दर कथेत जहाज गावावर येऊन थांबते, खालचं दार उघडते आन बॉम्ब सरळ खाली. असं होत नाही ना राजेहो. समजा आपण ‘गोफण’ नावाच्या एकाच नमुन्याचे जहाजं बनवून राहिलो आन निशाणा हाय लोणार.

पहिले उंची ठरवा. 400 किलोमीटर घेतली तर जहाज सेकंदाला 7.7 किलोमीटर पळते, एक चक्कर साधारण 92 मिनिटांची, म्हणजे थांबाचा विषयच नाही. आन दार उघडून बॉम्ब सोडला तर तोबी त्याच स्पीडनं जहाजाच्या संगंसंगं फिरत रायते, खाली येतच नाही! बहुतेक कथा इथंच मार खातात. त्याले खाली आणाले ब्रेक मारा लागते, म्हणून दर बॉम्बले स्वतःचं छोटं रॉकेट द्या. सेकंदाला शंभरेक मीटर स्पीड कमी केली तरी तो हवेत शिरते, पण तिथवर पोचेस्तोवर जवळपास अर्धी पृथ्वी फिरून होते. म्हणजे कॅप्टन बटन दाबते तेव्हा जहाज पॅसिफिकवर आन इकडे लोणारात माणूस धुऱ्यावर बसून शिदोरी सोडून राहिला. हा मधला अर्धा-पाऊण तास वाया घालवू नका, खरी कथा तिथंच हाय.

लोणार 20 अंश उत्तरेला, म्हणून कक्षा, म्हणजे जहाजाचा फिराचा रस्ता, विषुववृत्तापासून तेवढी तरी कललेली ठेवा, नाहीतर जहाज कधी डोक्यावर येणारच नाही. आलं तरी पुढच्या चक्करले पृथ्वी खालून सरकलेली असते, जहाज ओमानकडे निघते. एका गोफणीनं भागत नाही, आठ-दहा लागतात.

दारूगोळा म्हणून टंगस्टनचे दांडे घ्या, पाण्याच्या 19 पट जड, 10 टन माल अर्ध्या घनमीटरात मावते. पण सेकंदाला 3 किलोमीटरनं आदळला तर दणका 10 टन टीएनटी या स्फोटकाच्या आसपासच, वाडा उडन, जिल्हा नाही. लोणारचा 1.8 किलोमीटरचा खड्डा पाडाले उल्काच लागली होती. अणुबॉम्ब ठेवाचा असन तर 1967 च्या अंतराळ कराराची कक्षेत त्याले बंदी हाय, मंग करार कोणं मोडला तेबी लिहा.

आन शेवटच्या सेकंदाले हिरोनं रेडिओवरून बॉम्ब वळवला असं लिहू नका बाप्पा, हवेत शिरल्यावर भवती प्लाझ्मा, म्हणजे लय तापलेल्या विजभारित वायूचा थर होते, सिग्नल जात नाही, काय कराचं ते त्याच्या आधीच.