‘कमिटी’ म्हणजे माणूस की मंडळ? या चुका टाळा

ईस्ट इंडिया कंपनीची सनद ३१ डिसेंबर १६०० ची. तिच्यात कारभारासाठी एक गव्हर्नर आणि २४ ‘कमिटीज’ असल्याचं वाचलं, की नवखा वाचक चक्रावतो: नुकत्याच जन्मलेल्या कंपनीला २४ समित्या कशाला? तर त्या समित्या नव्हत्याच. ती २४ माणसं होती.

‘कमिट’ म्हणजे सोपवणं. मूळ लॅटिन ‘कमित्तेरे’. शेवटचा ‘ई’ हा ट्रस्टी, नॉमिनी यांतलाच. ज्याच्यावर काम सोपवलं, तो कमिटी. एकटा माणूस! सगळ्यांचं मिळून एक मंडळ हा अर्थ रुळला तो सतराव्या शतकात. इंग्लंडच्या कायद्यात तर वेडसर ठरवलेल्या माणसाच्या एकट्या पालकालाही पुढे कितीतरी काळ कमिटीच म्हणत. म्हणून सतराव्या शतकातला कागद हाती आला, तर आधी आजूबाजूची वाक्यं वाचा. ‘कोर्ट ऑफ कमिटीज’ असं दिसलं तर ती समित्यांची सभा नव्हे, कंपनीचं संचालक मंडळ. १७०९ मध्ये ही जुनी कंपनी आणि तिच्या स्पर्धेत निघालेली नवी कंपनी एक झाल्यावर याच पदाला ‘डायरेक्टर’ म्हणू लागले, आणि घोळ मिटला.

दुसरी चूक आपल्या घरची. कमिटी आणि समिती कानाला जुळतात, म्हणून एकातून दुसरा आला असं ठोकून दिलं जातं. ‘समिति’ हा वेदांतला शब्द. ‘सम्’ अधिक ‘इ’, एकत्र जाणं. अथर्ववेदात सभा आणि समिती या प्रजापतीच्या दोन मुली आहेत. जुळणी निव्वळ योगायोगाची.

स्पेलिंगचं म्हणाल तर एम दोन, टी दोन, ई दोन. यातलं एखादं अक्षर सहज गळतं.

कमिटी आणि कमिशन यांचं लॅटिन मूळ एकच, पण मराठीत समिती आणि आयोग यांची अदलाबदल करू नका. भाषावार प्रांतरचनेवर लिहिताना हे फार होतं. १९४८ मध्ये संविधान सभेच्या अध्यक्षांनी नेमला तो एस. के. दार यांचा दार आयोग. त्याच वर्षअखेरीस नेहरू, पटेल आणि पट्टाभी सीतारामय्या यांची जेव्हीपी समिती (जवाहरलाल, वल्लभभाई, पट्टाभी यांची इंग्रजी आद्याक्षरं) झाली, ती काँग्रेस पक्षाची होती, सरकारची नव्हे. तिला ‘जेव्हीपी आयोग’ लिहिलं, की नेमणारा कोण हेच बदलतं.